रेडीमनी शेटजींचे पन्नास हजार

पुण्यात संगमाजवळ सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजची जुनी दगडी इमारत आहे. तिच्यासमोरून जाणाऱ्या कुणालाही थांबवून विचारा, विश्वेश्वरय्या इथे शिकले हे त्याला पाठ असतं. मग बोट क्लब निघतो, रिगाटा निघतो, हॉस्टेलचे किस्से निघतात, कारण प्रत्येकाचा एखादा मामा नाहीतर आतेभाऊ तिथला असतोच. इमारत कुणाच्या पैशाने उभी राहिली, असं विचारलं की मात्र उत्तर ठरलेलं: "इंग्रजांनी बांधली ना!" आपल्याकडे पूल, धरणं, स्टेशनं, कॉलेजं, सगळं इंग्रजांनीच बांधलेलं असतं. जणू लंडनहून पैशांच्या पेट्या बोटीने यायच्या आणि मुंबईच्या धक्क्यावर उतरायच्या. प्रत्यक्षात पैसा इथलाच होता. काही शेतसाऱ्याचा, काही अफूवरच्या आणि मिठावरच्या कराचा, आणि या इमारतीपुरता बोलायचं तर त्यातले पन्नास हजार रुपये मुंबईच्या कावसजी जहांगीर रेडीमनी नावाच्या पारशी व्यापाऱ्याने खिशातून काढून दिले होते.

पुण्यात 1854 साली सरकारने इंजिनिअरिंगचा एक वर्ग काढला होता. बांधकाम खात्याला हाताखालची माणसं हवी होती, ओव्हरसिअर वगैरे, एवढीच त्यामागची भूक. पुढे त्याचं रीतसर कॉलेज करायचं ठरलं आणि 5 ऑगस्ट 1865 रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांनी नव्या इमारतीची कोनशिला बसवली. 1868 पर्यंत इमारत उभी राहिली. पन्नास हजार म्हणजे त्या काळात किती, याचा हिशोब मी एका वेगळ्या आकड्यावरून लावतो. त्यानंतर चाळीसेक वर्षांनी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी मुंबईत कॉलेजात शिकणाऱ्या भीमराव आंबेडकरांना महिना पंचवीस रुपये शिष्यवृत्ती दिली. त्या दराने पन्नास हजार म्हणजे एका विद्यार्थ्याची 166 वर्षांची शिष्यवृत्ती. हे गणित कशालाही लागू पडतं आणि म्हणून थोडं लबाड आहे, हे मला कळतं. पण रक्कम डोळ्यांपुढे उभी राहायला ते पुरतं.

कावसजींचा जन्म 1812 चा. घराणं मूळ नवसारीचं. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला तीन भाऊ तिथून मुंबईत आले आणि चीनच्या व्यापारात पडले. व्यवहारात रोकड कायम हाताशी, म्हणून लोक त्यांना रेडीमनी म्हणू लागले आणि तेच आडनाव झालं. पारशांत अशी आडनावं ढिगाने सापडतात, त्यामुळे तिथे फार रेंगाळण्यात अर्थ नाही. मला जास्त रस आहे तो कावसजींच्या नोकरीत. इतक्या श्रीमंत पूर्वजांचा हा वंशज पंधराव्या वर्षी डंकन गिब आणि कंपनीत गोदाम सांभाळायला लागला. गाठी मोजायच्या, आवक-जावक लिहायची, किल्ल्या कमरेला. मुंबईत तेव्हा इंग्रजी शिक्षणाची सोय बेताचीच होती, मिळालं तेवढं पदरात पाडून घेतलेलं. पुढे ज्यांनी कॉलेजांना लाख-लाख दिले, त्यांना स्वतःला कॉलेज कधी मिळालं नव्हतं.

1837 साली ते दोन युरोपियन पेढ्यांचे हमीदार दलाल झाले. हे काम काय होतं ते नीट समजून घ्यायला हवं, कारण या माणसाचा स्वभाव मला तिथेच दिसतो. विलायतेहून कापड घेऊन आलेल्या साहेबाला बाजारातला कोण सचोटीचा आणि कोण बुडवा, हे कळायला मार्ग नसे. त्याने कापडबाजारात स्वतः जाऊन उधारीची बोलणी करणं शक्यच नव्हतं. मग मध्ये दलाल. तो गिऱ्हाईक आणायचा, सौदा जमवायचा, आणि वर साहेबाला हमी द्यायचा की याने पैसे थकवले तर मी भरीन. त्या जोखमीचं त्याला कमिशन. म्हणजे रोज सकाळी उठून माणसं पारखायची. अमक्याचा जावई सट्ट्यात आहे, तमक्याची बोट अजून लागली नाही, तिसऱ्याने घर गहाण टाकलंय, हे सगळं डोक्यात. अंदाज चुकला तर दंड स्वतःच्या तिजोरीतून. अशी नऊ वर्षं काढल्यावर 1846 साली त्यांनी स्वतःचा व्यापार सुरू केला.

आणि मग मुंबईवर पैशांचा पाऊस पडला. अमेरिकेत 1861 साली यादवी युद्ध पेटलं, तिथल्या दक्षिणेतला कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. गाद्यांतला कापूस उपसून विकल्याच्या गोष्टी त्या काळच्या मुंबईत सांगत. बँका निघाल्या, समुद्र बुजवून जमीन काढणाऱ्या कंपन्या निघाल्या, त्यांच्या शेअरांवर शेअर निघाले. प्रेमचंद रायचंद यांचं नाव त्या बाजारात राजासारखं. 1865 च्या वसंतात युद्ध संपल्याची बातमी आली आणि 1 जुलैला वायद्यांचे पैसे चुकवायचा दिवस उगवला, तेव्हा निम्मी पेढीवाली मुंबई आडवी झाली. त्यानंतर महिनाभरातच, ऑगस्टमध्ये, पुण्यात ही कोनशिला बसली. तारखा शेजारी-शेजारी ठेवल्या की मला या देणगीचं वजन जास्त वाटतं. शहरात दिवाळखोरीचे अर्ज पडतायत, आणि एका हमीदार दलालाचा शब्द पुण्यात दगडामातीत उतरतोय. हमी दिली की भरायची, ही सवय बाजारात लागली असणार असं मी मानतो.

फ्रियर साहेबही त्या अर्थाने धूर्त गडी. 1862 ते 1867 तो मुंबईचा गव्हर्नर. किल्ल्याच्या भिंती पाडून त्याने शहर मोकळं केलं आणि मोकळ्या जागेत दगडी इमारती उभ्या करायचा सपाटा लावला. सरकारी तिजोरीत तेवढा पैसा नव्हता. शेटजींच्या तिजोऱ्या मात्र कापसाने फुगलेल्या. मग तुम्ही काही घाला, उरलेलं आम्ही घालतो, असा मामला. पुण्याला येरवड्याचं डेक्कन कॉलेजही तसंच झालं, तिथे जमशेटजी जीजीभॉयांच्या घराण्याचा पैसा. मुंबई विद्यापीठाच्या पदवीदान सभागृहाला कावसजींनी एक लाख दिले. विद्यापीठाच्या वाचनालयाला आणि राजाबाई टॉवरला प्रेमचंद रायचंदांनी दिले. सरकारने जमीन, आराखडा, देखरेख आणि राहिलेली रक्कम घातली, आणि श्रेयही घेतलं.

श्रेयाचा सगळ्यात ठळक नमुना म्हणजे एल्फिन्स्टन कॉलेज. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन 1827 साली मुंबईची गव्हर्नरी सोडून निघाले, तेव्हा इथल्या लोकांनी त्यांच्या नावाने वर्गणी काढली. सव्वादोन लाखांच्या वर जमले. त्या व्याजावर इंग्रजी आणि युरोपातली शास्त्रं शिकवणारे प्राध्यापक आणायचे, अशी कल्पना. म्हणजे मुळातच पैसा इथला आणि नाव साहेबाचं. पुढे कॉलेजला स्वतःची इमारत हवी झाली तेव्हा पुन्हा कावसजींनीच हात सैल सोडला, आणि 1871 साली भायखळ्याला, राणीच्या बागेसमोर, कॉलेजची नवी इमारत उघडली. नाव अर्थात एल्फिन्स्टनच राहिलं. गोपाळ कृष्ण गोखले तिथूनच 1884 साली बी.ए. झाले. गोखल्यांच्या चरित्रांत एल्फिन्स्टन कॉलेज येतं, प्राध्यापकांची नावं येतात, इमारतीचे पैसे देणारा माणूस येत नाही. चरित्रकाराला तरी काय दोष द्यायचा? घर कुणी बांधलं हे भाडेकरू लक्षात ठेवत नाहीत.

आपल्या मराठी लिहिण्यात व्यापारी एकतर सावकार असतो नाहीतर विनोदाला आलेला शेटजी असतो. एकोणिसाव्या शतकाबद्दल आपण भरभरून लिहितो, पण ते सगळं वृत्तपत्रांबद्दल, सभांबद्दल, वादांबद्दल. रानडे काय म्हणाले, आगरकर काय म्हणाले, टिळकांनी काय उत्तर दिलं. ज्या खोल्यांत बसून ही माणसं शिकली त्यांच्या चुन्या-दगडाचा खर्च कुणी उचलला, हा प्रश्न आपल्याला जरा हलका वाटतो. लक्ष्मी आणि सरस्वती एका घरात नांदत नाहीत, असं सांगत आपण मोठे झालो. मुंबईत त्या दोघी शेजारणी होत्या आणि एकीच्या भिंतीला दुसरीने टेकू दिलेला होता, हे कबूल करणं पुणेरी मनाला जड जातं. माझंही मन पुणेरीच, म्हणून सांगतो.

पण म्हणून लगेच कावसजींची आरती ओवाळायलाही मी तयार नाही. या दानामागे भूतदया किती आणि हिशोब किती, हे पाहायला एक ठिकाण फार बोलकं आहे आणि ते लंडनमध्ये आहे. रीजंट्स पार्कच्या मधल्या लांब रस्त्यावर एक पाणपोई आहे, गॉथिक शिखराची, सिसिलीच्या संगमरवराची आणि ॲबर्डीनच्या तांबूस ग्रॅनाइटची. 1869 साली कावसजींनी ती बांधून दिली. जवळ जाऊन पाहिलं तर दगडावर एक सिंह कोरलेला दिसतो आणि एक बैल, खांद्यावर वशिंड असलेला, आपल्याकडचा अस्सल खोंड. लंडनच्या गवतावर तो बैल पाहिला की घरचं माणूस परगावी भेटावं तसं होतं. मग खालचा लेख वाचावा. इंग्रजी राज्यात मला आणि माझ्या पारशी बांधवांना जे संरक्षण मिळालं त्याबद्दल इंग्लंडच्या जनतेला कृतज्ञतेची ही भेट, असा त्याचा आशय. मुंबईत त्यांनी चाळीसच्या आसपास पाणपोया बांधल्या. त्या तहानलेल्यांसाठी होत्या. लंडनची पाणपोई मात्र, माझ्या मते, राज्यकर्त्यांसाठी होती.

त्याचं फळही मिळालं. 1871 साली सी.एस.आय. हा सरकारी किताब, 1872 साली सर. त्याआधी इन्कमटॅक्स नवा होता, मुंबईत त्याच्या नावाने बोटं मोडली जात होती, तेव्हा त्या कराचे कमिशनर म्हणून सरकारने नेमले ते कावसजीच. कोणाच्या तिजोरीत किती आहे हे हमीदार दलालापेक्षा कोण जास्त जाणणार! वसुली अपेक्षेपेक्षा चांगली झाली म्हणतात. होणारच. सत्तावन्नच्या बंडाचा खर्च भरून काढायला आलेला कर एक हिंदी माणूस गोड बोलून वसूल करून देतो, आणि तोच माणूस कॉलेजांना पैसे देतो. या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत.

पैसा आला कुठून, हाही प्रश्न आहेच. चीनच्या व्यापारात मुंबईहून जायचं काय, तर कापूस आणि माळव्याची अफू. त्या काळातल्या मुंबईच्या बहुतेक मोठ्या पारशी, गुजराती, ज्यू घराण्यांच्या पायात तो चिखल लागलेला आहे आणि साहेबांच्या पेढ्या तर त्यात गळ्यापर्यंत होत्या. रेडीमनींची आधीची पिढी त्याच समुद्रावरून श्रीमंत झाली. कँटनच्या कुठल्यातरी घराची राखरांगोळी करून आलेला रुपया पुण्यात वर्गखोलीची भिंत होतो, हे वाचताना बरं वाटत नाही. पण भिंत पाडा असं म्हणायलाही तोंड उघडत नाही. दान घेणाऱ्याने दात्याचे हात हुंगावेत का, यावर माझं मत दर दोन वर्षांनी बदलतं. सध्या मी हुंगावेत, पण दान परत करू नये, या बाजूचा आहे.

विद्यापीठाच्या आवारात कावसजींचा बसलेला पुतळा आहे. टॉमस वूलनर या इंग्रज शिल्पकाराचं काम. मागे त्यांच्याच पैशातून निघालेलं सभागृह, गिल्बर्ट स्कॉटने विलायतेत बसून, मुंबईला पाय न लावता, आखलेलं. आत जायला मिळालं तर गोल खिडकी जरूर पाहावी. रंगीत काचांची आणि कडेने बारा राशी. पदवी घ्यायला उभा राहिलेला मुलगा डोक्यावर मेष-वृषभ-मिथुन घेऊन उभा असतो, ही गंमत ज्याने कुणी योजली त्याला मानलं पाहिजे. सभागृहाला नाव सर कावसजी जहांगीर हॉल. तेही बोलताना कुणी घेत नाही, सगळे 'कॉन्व्होकेशन हॉल' म्हणतात.

घराण्याचं नाव मुंबई-पुण्यात टिकलं, पण पुढच्या पिढ्यांमुळे. कावसजींच्या दत्तक मुलाने आणि त्यांच्या मुलाने देणग्यांचा ओघ चालूच ठेवला. जहांगीर आर्ट गॅलरी ही त्यांचीच, आणि पुण्यातलं जहांगीर हॉस्पिटलही. 'जहांगीर'ला नेलं म्हटलं की पुण्यात पेशंटचे नातेवाईक रिक्षा कुठे वळवायची ते जाणतात. मधलं रेडीमनी तेवढं गळून पडलं.

भायखळ्याच्या इमारतीचं पुढे काय झालं, ते तर एखाद्या कादंबरीत शोभेल. कॉलेज पुरतं वीस वर्षंही तिथे टिकलं नाही. कुलाबा-फोर्टकडच्या मुलांना भायखळा लांब पडायचा, आणि 1880 च्या दशकाअखेर एल्फिन्स्टन काळा घोड्याला हललं. ती इमारत मुळात सरकारी छापखान्यासाठी बांधायला घेतली होती. तिच्या दर्शनी भागावर मात्र कावसजींचा चेहरा कोरला गेला. आजही फुटपाथवरून मान वर केली तर दिसतो, पण काळा घोड्याला मान वर करायला कुणाला वेळ असतो? भायखळ्याच्या रिकाम्या इमारतीत व्हीजेटीआय सुरू झालं, आणि 1923 साली माटुंग्याला जाईपर्यंत ते तिथेच होतं. म्हणजे पुण्याचे इंजिनिअर आणि मुंबईचे इंजिनिअर, जे एकमेकांना सहसा मोजत नाहीत, दोघांच्या बालपणीच्या छपराखाली एकाच शेटजींचा पैसा होता. आता तिथे रेल्वेचं हॉस्पिटल आहे आणि त्याला नाव आहे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं. आंबेडकर एल्फिन्स्टनचे, पण ते काळा घोड्याच्या इमारतीत शिकले. 1907 साली मॅट्रिक होऊन ते तिथे आले.

आंबेडकरांचं नाव आलं म्हणून मला त्या काळातल्या सगळ्यात टोकदार टीकाकाराकडे जाता येतं. कावसजींच्या पैशाने पुण्यातलं कॉलेज उभं राहिलं तेव्हा जोतीराव फुले पुण्यातच होते, स्वतः कंत्राटदार होते, दगडाचे भाव त्यांना पाठ होते. 1882 साली शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर कमिशनपुढे त्यांनी निवेदन दिलं. त्यातला मुद्दा आजही अंगावर येतो. सरकारची तिजोरी भरतो शेतकरी, आणि सरकार शिकवतं कुणाला, तर वरच्या जातींच्या मुलांना. वरच्यांना शिकवलं की विद्या आपोआप खाली झिरपेल, ही थाप आहे. बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, ही त्यांची मागणी. त्या चष्म्यातून पाहिलं तर कावसजींचे पन्नास हजार चुकीच्या दारात पडले. शिवाय देणगीपुढे सरकारला आपला वाटा घालावाच लागायचा, म्हणजे शेटजींच्या एका रुपयामागे रयतेचाही रुपया त्याच दारात. गावोगावच्या शाळांसाठी हमी घेणारा दलाल कुणी निघाला नाही. शाळा खेडोपाडी विखुरलेल्या, त्यांवर मनोरा चढत नाही, गव्हर्नर कोनशिला बसवायला येत नाही.

फुल्यांचं म्हणणं मला पटतं आणि तरी कॉलेज झालं ते बरं झालं, असंही वाटतं. याला विसंगती म्हणा. 1883 साली पुण्यात दोन गोष्टी घडल्या. फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहून पूर्ण केलं. त्यात कालव्याच्या पाण्याबद्दलची त्यांची तक्रार आहे: पट्टी वसूल होते, पण पाणी वेळेला आणि पुरेसं मिळत नाही, प्रत्येक शेतकऱ्याला मापून पाणी देणारी तोटी बसवा, असं त्यांनी सुचवलंय. त्याच वर्षी, म्हैसूर सरकारच्या शिष्यवृत्तीवर आलेला मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या नावाचा तरुण संगमावरच्या त्या कॉलेजातून इंजिनिअर होऊन बाहेर पडला आणि नंतर मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागला. दोघांची गाठ पडली असेल असं मी म्हणत नाही. पण पुढे दख्खनच्या कालव्यांवर पाळीपाळीने आणि जास्त गावांना पाणी पोचवणारी ब्लॉक पद्धत आखली ती विश्वेश्वरय्यांनी, आणि खडकवासल्याला धरण न वाढवता जास्त पाणी साठवणारे आपोआप उघडणारे दरवाजे 1903 साली बसवले तेही त्यांनीच. तोवर फुल्यांना जाऊन तेरा वर्षं झाली होती आणि कावसजींना पंचवीस.